लोकसेवेचे शंभर तास

९ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. मॅडम वर्गात म्हणाल्या, जो स्वतःकडे बघत नाही त्याने दुसऱ्यांचं नेतृत्व करू नये. म्हणून स्वतःकडे बघितलं. सुधारण्यासारखं फारसं काही सापडलं नाही. अक्षर सोडून.

कोर्सचं नाव नेतृत्व आणि लोकसेवा. वर्गात एकतीस जण, त्यात सगळ्यांत लांबून, परक्या देशातून आलेला मी. सेमिस्टर संपायच्या आत शंभर तास लोकसेवा करायची आणि तिथल्या जबाबदार माणसाची फॉर्मवर सही आणायची. बाकीचे लगेच वाचनालय, दवाखाना, वृद्धाश्रम असं काहीबाही बोलायला लागले. मी गप्प बसलो. नेता आधी ऐकतो. हा पहिला धडा. मॅडमनी आज सांगितला, पण मला तो आधीपासून माहीत होता.

संकल्प: रोज सहाला उठणे. कमी बोलणे. केस विंचरणे.

१० सप्टेंबर, सकाळी साडेनऊ

उठायला उशीर. दोष कॉटचा. फोल्डिंगची आहे, मधे खड्डा पडलाय. एकदा माणूस आत गेला की बाहेर यायला तासभर लागतो.

घराविषयी थोडं लिहून ठेवतो, पुढे चरित्र वगैरे लिहायची वेळ आली तर उपयोगी पडेल. मावशी म्हणजे आईची मावसबहीण. हॉस्टेलची वेटिंग लिस्ट लांब होती म्हणून चार दिवस ये म्हणाली. त्या चार दिवसांना आता वर्ष होईल. घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत मावशी, काका आणि त्यांची मुलगी, जिला सगळे धाकटी म्हणतात. बाहेरच्या खोलीत मी, माझी कॉट आणि धाकटीचं टेबल. यंदा तिची मोठी परीक्षा.

भाडेकरारावर माणसं तीन. आल्या दिवशीच काकांनी सांगितलं होतं, कुणी विचारलं तर पाहुणा आहेस म्हण. मला हे पटलेलं नाही. पण तेव्हा भूक लागली होती.

१४ सप्टेंबर

ठरलं! लोकसेवेला लांब जायला नको. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला. आमचीच बिल्डिंग. चार मजले, वीस बिऱ्हाडं, आणि तळघरात एक बॉयलर, म्हणजे सगळ्या घरांचा हीटर, जो हिवाळा आला की आजारी पडतो. गेल्या थंडीत धाकटी हातमोजे घालून गणितं सोडवत होती. दरवर्षी एकेक जण तळमजल्यावरच्या ऑफिसात जाऊन मॅनेजरपुढे रडतो, आणि मॅनेजर प्रत्येकाला सांगतो की तक्रार करणारे तुम्ही एकटेच.

इथे नेत्याची गरज आहे. हीटर दुरुस्त करून आणणारच.

निवडणुकीत वेळ घालवला नाही. जिन्यात भेटलेल्या तिघांना विचारलं, मी रहिवासी प्रतिनिधी झालो तर चालेल का. तिघेही हो म्हणाले. त्यातला एक पोस्टमन होता, पण हो म्हणाला.

जेवताना घरात जाहीर केलं. काका म्हणाले, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कुणी सांगितल्यात, अभ्यास कर. काका बस चालवतात. रोज साठ माणसं त्यांच्या मागे बसतात, पण त्याला नेतृत्व म्हणत नाहीत.

२३ सप्टेंबर

दुसरा धडा: माहिती गोळा करा. आकड्यांपुढे सत्ता झुकते. हे वाक्य मी तीनदा अधोरेखित केलं, शेवटी कागद फाटला.

तक्ता आखला. बिऱ्हाड नंबर. राहणारी माणसं. किती दिवसांपासून. तक्रार. सही नाही ठेवली, सुटसुटीत बरं.

२६ सप्टेंबर

मोजणी सुरू. लोक सहजासहजी दार उघडत नाहीत. टेलरबाईंनी साखळी लावूनच फटीतून बघितलं. मग अगं बाई, आमच्या मावशीचा भाचा का, म्हणत दार सताड उघडलं. आत दोन शिवणयंत्रं, कपड्यांचे ढीग, त्यांची बहीण आणि बहिणीची सून. करारावर टेलरबाई एकट्या. घरात धंदा करायचा नाही असंही करारात आहे म्हणे. त्या म्हणाल्या, हे काही लिहू नकोस हं. मी म्हटलं, विश्वास ठेवा. आणि लिहिलं. का, तर थंडीने कुडकुडणारी तीन माणसं एकापेक्षा जास्त जोरदार दिसतात. यंत्रांचंही लिहिलं. गारठ्याने यंत्राचं तेल गोठतं, ही तक्रार आपोआप तयार झाली.

तिसऱ्या मजल्यावर शिफ्टवाले. कागदावर दोन भाऊ, प्रत्यक्षात सहा जण, कॉट दोन. तिघे कामावर गेले की तिघे येऊन झोपतात. अंथरूण कधी थंड होत नाही, त्यामुळे हीटरची सगळ्यांत कमी गरज त्यांनाच. तरी लिहिले सहा.

३० सप्टेंबर

मोजणी पूर्ण. करारांप्रमाणे एक्कावन्न माणसं. माझ्या मोजणीत त्र्याण्णव! खात्रीसाठी पुन्हा पहिल्यापासून मोजली. त्र्याण्णवच. एक्कावन्न माणसांना गारठू देईल कुणी, त्र्याण्णवांना गारठवायची कुणाची छाती आहे?

आमच्या घरापुढे चार लिहिलं. काकांनी तक्ता बघितला आणि म्हणाले, चौथं नाव काढ. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, काका, नेत्याने सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. ते म्हणाले, घर माझं आहे. तरी नाव ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, यादीत सगळ्यांत वर घेतलं. मावशी म्हणाली, अहो, पोरगं चांगल्यासाठीच करतंय ना. मावशीला राजकीय जाण आहे.

६ ऑक्टोबर

मॅनेजरसाहेबांची भेट. वेळ मिळाली ती नेमकी लेक्चरची. चौथा धडा बुडला. असू दे, जिथे इतिहास घडतो तिथे हजेरी लागत नाही.

साहेब भलताच चांगला माणूस. लोक उगीच शंख करतात. मला खुर्ची दिली, चहा मागवला, दार स्वतः उठून लावलं. आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. मी पाऊण तास बोललो. ते एकदाही मधे बोलले नाहीत. मग चष्मा लावून यादी वाचली, एकेका ओळीवर बोट ठेवून. हीटरविषयी काही विचारलं नाही. एवढंच विचारलं की हे तुम्ही स्वतः मोजलंय का. मी म्हटलं, स्वतः. म्हणाले, दहा वर्षं मी हे करायचा प्रयत्न करतोय, मला कुणी दारात उभं करत नाही.

बघा! माणूस दहा वर्षं लोकांच्या जवळ जाऊ बघतोय.

यादीची मूळ प्रत त्यांच्याकडेच ठेवली. सुरक्षित राहील. त्यांनी मला प्लास्टिकच्या कव्हरात घालून कार्ड दिलं, रहिवासी प्रतिनिधी. गळ्यात अडकवायला दोरी आहे. निघताना म्हणाले, बिल्डिंगचं मोठं काम लवकरच निघणार आहे.

मावशीला कार्ड दाखवलं. तिने ओल्या हाताने धरलं नाही, दुरूनच बघितलं. म्हणाली, फोटो छान आलाय.

१२ ऑक्टोबर

काम निघालं! करड्या कोटातला एक माणूस जिन्यात टेप लावून मापं घेत होता. पायऱ्या मोजल्या, दारं मोजली, आमच्या बाहेरच्या खोलीची खिडकी बाहेरून मोजली. नमस्कार केला, कार्ड दाखवलं. त्याने टेप पुढच्या दाराला लावली. हीटरसाठी खिडकी कशाला मोजतात ते कळलं नाही, पण प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणं हे चांगल्या नेतृत्वाचं लक्षण नाही.

आतापर्यंत बेचाळीस तास भरले. विचार करण्यात गेलेला वेळही धरलाय.

१६ ऑक्टोबर

मॅडमनी माझा अर्धा रिपोर्ट वाचला. कौतुकाची अपेक्षा होती. लाल शाईत एकच ओळ: यादी देण्याआधी त्या लोकांना विचारलं होतं का?

नंतर बाजूला बोलावून म्हणाल्या, चौथ्या धड्याला तुम्ही नव्हता. लोक आपल्याला जे सांगतात ते आपलं नसतं, त्यांचं असतं. ते पुढे द्यायचं तर आधी त्यांची परवानगी. आणि कुणाच्या हातात देतोय, तो त्याचं काय करील, याचाही आधी विचार.

म्हणजे तांत्रिक चूक. सह्या राहिल्या. एका दिवसाचं काम आहे. मॅडमना कसं सांगू, सह्यांचा रकाना मी सुटसुटीतपणासाठी काढला होता.

१८ ऑक्टोबर

सह्या गोळा केल्या. प्रत्येक बिऱ्हाडासाठी वेगळा कागद. वर मजकूर: आमच्या घरी खाली लिहिल्याप्रमाणे माणसे राहतात, ही माहिती ऑफिसला देण्यास आमची हरकत नाही.

शिफ्टवाल्यांनी भराभर सह्या केल्या. तिघांनी जवळजवळ झोपेतच. टेलरबाईंनी कात्री खाली ठेवली, कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, हे नाही दिलं तर चालणार नाही का? मी म्हटलं, हीटर हवाय ना? मग म्हणाल्या, तू म्हणतोस म्हणून. आणि केली सही.

मावशी भांडी घासत होती. हात पुसले. विचारलं, कशाचं रे हे? हीटरचं, म्हटलं. काका ड्यूटीवर होते. तिने घरातर्फे सही केली, आणि माझ्या नावापुढे थांबून म्हणाली, इथे पाहुणा असं लिहिलं तर? मी समजावलं की पाहुण्याच्या थंडीची कुणी दखल घेत नाही.

वीसपैकी वीस सह्या. रात्री जेवण नको म्हणालो. थंडीचं असेल.

२० ऑक्टोबर

सह्यांचे कागद साहेबांना नेऊन दिले. मॅडमना पुरावा दाखवायचाच होता, म्हटलं ऑफिसलाही एक सेट असू दे. आपल्यात लपवाछपवी नको.

साहेब कागद बघून खुर्चीतून उठले. पहिल्यांदाच. माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे हात बर्फासारखे गार. त्यांच्या ऑफिसातही हीटर नसावा. बिचारे.

२८ ऑक्टोबर

पाहणी दौरा. साहेब, करडा कोट आणि कॅमेरेवाली एक बाई. साहेबांनी विनंती केली, तुम्ही पुढे असलात तर बरं. मी पुढे. मागे ते तिघे. दारावर टकटक, आणि मी हाक मारायची, उघडा, मी आहे.

वीसच्या वीस दारं उघडली! साहेब दहा वर्षं ज्या दाराबाहेर उभे होते ते माझ्या एका हाकेने उघडलं. दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी हसू यायचं, मग नजर माझ्या खांद्यावरून मागे जायची. मग हसू जायचं. साहेबांचा दरारा आहे खरा.

कॅमेरेवालीने हीटरचा एकही फोटो काढला नाही. शिफ्टवाल्यांच्या कॉटचे काढले, झोपलेल्यांसकट. टेलरबाईंच्या यंत्रांचे काढले. टेलरबाई एका यंत्रापुढे हात पसरून उभ्या राहिल्या, म्हणून त्यांचाही आला.

शेवटी आमचं दार. मावशी पदराला हात पुसत आली, मला बघून म्हणाली, आज लवकर? मग मागचे दिसले. ती बाजूला झाली. सकाळी घाईत माझी कॉट उघडीच राहिली होती, त्यावर माझा टॉवेल. कॉटचे तीन फोटो. धाकटी टेबलाशी बसून होती, तिने पुस्तकातून मान वर केली नाही.

लोकसेवेचे तास: पाच. एकूण सत्तर.

२ नोव्हेंबर

बिल्डिंगमध्ये माझ्याविषयी आदर वाढलाय. मी जिन्यात आलो की लोक बोलणं थांबवतात. काल दोघे जण मला वाट द्यायला चक्क घरात परत गेले. मोठ्या पदावरचा माणूस एकटा पडतो असं ऐकलं होतं, त्याचा अनुभव घेतोय.

शिफ्टवाल्यांपैकी चौघे कुठेतरी निघून गेले. उरलेल्या दोघांना विचारलं तर म्हणाले, कोण चौघे?

थंडी वाढली. हीटर बंदच. तळघराला नवीन कुलूप लागलंय. चांगलं मजबूत आहे.

७ नोव्हेंबर

सकाळी दाराखालून पत्रं आली. वीसपैकी चौदा घरांना. करारभंग. करारापेक्षा जास्त माणसे, परवानगीशिवाय व्यवसाय. सतरा तारखेला सुनावणी, तोवर म्हणणं मांडा, नाहीतर महिनाअखेर जागा रिकामी करा.

हा नक्की एखाद्या उतावळ्या क्लार्कचा घोळ.

पत्राला पुरावा जोडलाय. माझ्या यादीची झेरॉक्स आणि त्या त्या घराच्या सहीचा कागद. झेरॉक्स स्वच्छ आली आहे. माझं अक्षर इतकं वाईट नाही हे त्यात दिसतं.

मावशीने पत्र धाकटीला वाचायला दिलं. ती पहिली ओळ मोठ्याने वाचून थांबली, पुढचं मनातल्या मनात वाचलं. आई, महिनाअखेर म्हणजे माझी परीक्षा, एवढंच म्हणाली. मावशीने विचारलं, जास्त माणूस म्हणजे कोण गं? धाकटीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी काका आले. पत्र उभ्यानेच वाचलं, घडी करून खिशात घातलं, हातपाय धुऊन ताटावर बसले. मी सहा मुद्दे तयार ठेवले होते. त्यांनी फक्त विचारलं, तू जेवलास का. मी म्हटलं, हो. ओरडले असते तर उत्तर देता आलं असतं.

८ नोव्हेंबर

साहेबांना गाठलं. खुर्ची होती, चहा नव्हता. म्हणाले, हीटर मंजूर आहे, सगळं नवीन बसवणार, बिल्डिंग मोकळी झाली की लगेच काम सुरू.

म्हणजे माझी मूळ मागणी मान्य झाली! ही बातमी घरी सांगावी असं वाटलं. जिना चढता चढता वाटेनासं झालं.

१२ नोव्हेंबर

टेलरबाई जिन्यात मावशीशी बोलत होत्या. मी वरच्या पायरीवर होतो ते त्यांना दिसलं होतं. तरी म्हणाल्या, घर फिरलं की वासे फिरतात हे ऐकलं होतं बाई, पण तुझा तर वासाच आधी फिरला. मावशी म्हणाली, लहान आहे हो तो.

मी तेवीस वर्षांचा आहे.

संकल्प: सुनावणीत असं भाषण करायचं की साहेबांनाही गहिवरून यावं. मसुदा अकरा पानं.

१७ नोव्हेंबर, सकाळ

निघण्याआधी लिहितोय. काका आज रजा काढून घरी. दाढी करता करता, पत्र आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. भाषण वगैरे करू नकोस. तुला एकच विचारतील, हे तू मोजलंस का. तर सांग, नाही, कोर्ससाठी आकडे फुगवले, घरोघर सह्या नुसत्या घेतल्या, कुणी वाचलं नाही. यादीच खोटी ठरली की मग बाकीच्या पुराव्याशी भांडता येतं. फोटोतल्या कॉटला पाहुण्याची म्हणता येईल. एवढं कर.

मी म्हटलं, करतो. मला स्वतःलाच हे सुचायला हवं होतं. सोपं आहे. एक वाक्य. आरशासमोर चार वेळा म्हणून बघितलं: आकडे मी फुगवले. चांगलं जमतंय.

मावशीने ठेवणीतली साडी नेसलीय.

१७ नोव्हेंबर, दुपार

तळमजल्यावरचा हॉल. टेबलामागे सुनावणी घेणारी तीन माणसं, मधली बाई मुख्य. आमची चौदा बिऱ्हाडं समोर. मावशी पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून. काका तिच्याशेजारी, माझ्याकडे बघत.

मला पुढे बोलावलं. बाईंनी यादी उचलली. म्हणाल्या, इतकं काटेकोर काम आम्ही आमच्या माणसांकडूनही बघितलेलं नाही, हे खरंच तुम्ही एकट्याने मोजलंत?

मी म्हटलं, हो. दोनदा मोजलं.

त्यांनी लिहून घेतलं आणि पुढचं बिऱ्हाड बोलावलं. अकरा पानं खिशातच राहिली.

१८ नोव्हेंबर

तत्त्व म्हणून काही असतं की नाही? खोटं बोलून मिळवलेलं घर काय कामाचं? नेता खोटं बोलत नाही. उद्या लोकच म्हणतील.

१८ नोव्हेंबर, नंतर

वरचं सगळं थापा आहे. तत्त्वबित्त्व डोक्यात आलंच नव्हतं. काकांचं वाक्य ओठांवर होतं. पण ती बाई म्हणाली काटेकोर, आणि मला इतकं बरं वाटलं की तोंडातून निघून गेलं. या देशात येऊन वर्ष झालं, माझं काम चांगलं आहे असं मला एवढ्या लोकांसमोर कुणी म्हटलं नव्हतं. दोनदा तरी कशाला म्हणालो? एकदा म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मावशी हॉलमधून बाहेर येताना जिन्यावर बसली. काका तिला उठवायला वाकले, तेव्हा मी पुढे झालो. ते म्हणाले, राहू दे.

२४ नोव्हेंबर

निकाल आला. तीस तारखेपर्यंत जागा रिकाम्या करा. चौदा घरं. बाकीची सहा स्वतःहून निघाली आहेत म्हणे.

टेलरबाईंची यंत्रं खाली नेताना हात लावायला गेलो. त्यांनी यंत्र पायरीवर टेकवलं आणि मी वर जाईपर्यंत तशाच थांबल्या. पूर्ण दोन मजले.

२६ नोव्हेंबर

प्रतिनिधीपदाचा राजीनामा द्यायचा ठरवलं. कडक भाषेत लिहिला. त्यात एक वाक्य असं होतं की वाचून साहेबांची झोप उडाली पाहिजे. मला वाटलं, ते मला थांबा म्हणतील, रिकाम्या बिल्डिंगमधली एखादी खोली देऊ करतील, आणि मी ती नाकारीन. नाकारतानाचं वाक्यही तयार होतं.

साहेबांनी राजीनामा उघडला नाही. म्हणाले, रहिवासीच नाहीत तर प्रतिनिधी कुणाचे, पद आपोआप संपलं. कार्ड परत मागितलं. कव्हर ऑफिसचं आहे. मग म्हणाले, तुमचा तो कॉलेजचा फॉर्म राहिलाय ना. त्यांनीच आठवण केली. शंभर तास भरले, शेरा उत्कृष्ट, सही, शिक्का.

मी फॉर्म घेतला. फाडायला हवा होता. बाहेर येऊन फाडणार होतो. वारा होता, म्हणून बॅगेत ठेवला.

२८ नोव्हेंबर

मॅडमना रिपोर्ट आणि फॉर्म दिला. त्यांनी शेरा वाचला, मग रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला, मी समोर बसून असताना. विचारलं, तुमची मावशी आता कुठे जाणार? मी म्हटलं, ते रिपोर्टमध्ये नाहीये. त्या म्हणाल्या, हो, तेच बघत होते.

फॉर्म परत दिला. म्हणाल्या, हा पूर्ण आहे, यावर मला तुम्हाला पास करावं लागेल. नियमच तसा आहे. आवाज चढला नव्हता. दार लावून घ्या जाताना, म्हणाल्या.

३० नोव्हेंबर, दुपार

टेम्पो अकराला आला. सामान फार नाही निघालं. काका आणि ड्रायव्हरने कपाट उतरवलं. मी धाकटीच्या पुस्तकांचं खोकं उचललं, ते काकांनी माझ्या हातातून घेतलं. रागाने नाही. दुसऱ्याच्या हातातलं सामान घेतात तसं.

जागा मिळालीय ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. एक खोली. धाकटीची शाळा बदलणार, परीक्षा पुढच्या वर्षी. तिनेच मला सांगितलं, टेम्पोत बसता बसता. म्हणाली, दादा, तुझी वही टेबलात राहिली होती, मी कॉटवर ठेवलीय. ही वही. वाचली का विचारणार होतो, विचारलं नाही.

मी माझी बॅग भरून, कॉट मिटून दारात तयार उभा होतो. एका खोलीत कॉट कुठे टाकायची याचा मी विचारही केला होता. दाराला आडवी बसेल. दिवसा उभी करून ठेवता येईल.

मावशी वर आली. खोल्या एकदा बघून घेतल्या, नळ घट्ट केला. मग डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, यात दोन वेळचं आहे, आधी खालचा पुडा संपव. तुझ्या आईला मी फोन करते, तू काही सांगू नकोस, उगीच काळजी करील. मी म्हटलं, मावशी, मी टेम्पोत मागे बसतो, पुढे जागा नाहीये.

तिने डब्याचं झाकण पुन्हा दाबून बघितलं. मग म्हणाली, बाळा, नव्या मालकाने माणसं किती म्हणून विचारलं. मी तीन सांगितली. त्याने लिहून घेतली आणि यांची सही घेतली.

तिने माझ्या कॉलरची घडी नीट केली आणि खाली गेली. मी खिडकीतून बघितलं. पुढे ड्रायव्हरशेजारी काका, मग धाकटी, कडेला मावशी. मोजली. तीन. बरोबर आहे.